नाणे कुठे सापडले, ते आधी लिहून ठेवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पायाच्या खोदकामात जुनी नाणी निघाल्याची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. तिचा साचा ठरलेला असतो : इतकी नाणी, इतके वजन, बाजारभावाने इतके लाख. अक्षरे अरबी वळणाची दिसली की ‘नाणी अरबस्तानातली’ असे कुणीतरी सांगून मोकळे होते. मडके किती खोल होते, कोणत्या मातीत होते, त्याच्या शेजारी काय होते, हे बातमीत नसते, कारण बहुतेक वेळा ते कुणी विचारलेलेच नसते. परदेशी चांदीच्या जुन्या नाण्याबाबत ही चूक मागाहून भरून काढता येत नाही. समरकंदचे नाणे समरकंदला मिळाले तर त्यात नवल नाही. ते आपल्या गावच्या मातीत निघाले, यातच त्याचे सगळे महत्त्व असते. पत्र जरा लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

बडोद्याहून सत्तरएक किलोमीटरवरच्या भरूचचेच उदाहरण घेऊ. तिथे १८८२ साली एक नाणेनिधी मिळाला. सोन्याची चारशेच्या वर आणि चांदीची सुमारे बाराशे नाणी. दिल्लीच्या सुलतानांची, इजिप्त आणि शाम (म्हणजे सीरिया) या मुलखांवर राज्य करणाऱ्या मामलूक सुलतानांची, शिवाय व्हेनिसची सोन्याची डुकाट नाणी. (ही डुकाट आपल्या ओळखीची आहे. तिच्यावरच्या उभ्या आकृत्यांमुळे आपण तिला पुतळी म्हटले आणि तिच्या नकला माळेत ओवल्या.) ऑलिव्हर कॉड्रिंग्टन यांनी या निधीचे वर्णन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापले. चौदाव्या शतकात नर्मदेच्या मुखाशी कैरो, व्हेनिस आणि दिल्लीचा पैसा एकाच भांड्यात कसा येत होता, हे आज सांगता येते ते नाणी एकत्र मोजली गेली म्हणून. तीच सुटीसुटी बाजारात गेली असती, तर उरली असती नुसती काही मामलूक नाणी, ‘गुजरातेत कुठेतरी मिळालेली’.

असे निधी इकडे विरळा, याचा अर्थ परदेशी चांदी इकडे येत नव्हती असा नाही. गुजरातेत चांदीच्या म्हणण्यासारख्या खाणी नाहीत. सुलतानी अमदानीत आणि पुढेही खंबायत, भरूच, सुरत या बंदरांतून कापड आणि नीळ बाहेर जाई, आणि तांबड्या समुद्राच्या आणि इराणी आखाताच्या बाजूने चांदी आत येई. पण आलेले नाणे इथे चलन म्हणून फिरत नसे. सराफ ते तोलून, कस लावून घेई आणि टांकसाळीत देई. तिथे ते वितळून सुलतानाच्या नावाचा ठसा घेऊन बाहेर पडे. म्हणजे आलेल्या चांदीतला बहुतेक हिस्सा मुशीत गेला. वाचले ते व्यापाऱ्याने टांकसाळीआधी पुरून ठेवलेले, दागिन्यात अडकलेले, नाहीतर वाटेत हरवलेले. जे इतके थोडे उरले आहे, त्यातले एकेक नाणे जागेसकट हाती येणे म्हणूनच मोलाचे.

बाल्टिक समुद्राच्या काठी याच्या उलट झाले. तिकडच्या लोकांची मोठी टांकसाळ नव्हती, त्यामुळे आलेले नाणे वितळून नवे पाडण्याची सक्ती नव्हती. बगदाद, समरकंद, बुखारा, शाश (म्हणजे आजचे ताश्कंद) इथले दिरहम, म्हणजे मुस्लिम राजवटींची चांदीची नाणी, व्होल्गा नदीच्या वाटेने कातडी, मेण, मध आणि गुलाम यांच्या बदल्यात उत्तरेला जात. तिथे ते मोजून नव्हे, तोलून घेतले जात. सुटे पैसे हवे असले की नाण्याचा तुकडा पाडत. खोटे असेल या शंकेने काठाला सुरीची खाच देत. स्वीडनच्या गोटलंड बेटावर स्पिलिंग्स या शेतात १९९९ साली सुमारे ६७ किलो चांदी निघाली, त्यात १४ हजारांहून अधिक नाणी, जवळजवळ सगळी मुस्लिम राजवटींची. तिथे पुढे शिस्तीने उत्खनन झाले, म्हणून चांदी मोकळ्या रानात नव्हे तर एका इमारतीच्या जमिनीखाली होती हे समजले. एका नाण्यावर तर ‘मुहम्मद’च्या जागी ‘मूसा अल्लाहचा प्रेषित’ असा मजकूर निघाला. मूसा म्हणजे ज्यूंचा मोझेस. ते व्होल्गाच्या मुखाकडच्या, राज्यकर्त्यांनी ज्यू धर्म स्वीकारलेल्या खझर राज्यात पाडलेले नाणे. आणि आपल्या बाजूचा धागाही त्या प्रदेशात सापडतो : काबूल-ओहिंदच्या शाही राजांची, एका अंगाला नंदी आणि दुसऱ्या अंगाला घोडेस्वार असलेली, ‘श्री सामन्तदेव’ अशी अक्षरे धरणारी चांदीची नाणी बाल्टिकच्या काही निधींत आलेली आहेत.

जागा नीट नोंदली नाही की काय होते, तेही पाहा. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर १९५७ साली एका हौशी उत्खननात चांदीचा एक लहानसा पेनी सापडला. आधी तो इंग्लंडचा समजला गेला. १९७८ च्या सुमारास तो नॉर्वेचा राजा ओलाफ किरे (१०६७ ते १०९३) याचा ठरला. नाणे अस्सल आहे याबद्दल कुणाला फारशी शंका नाही. शंका आहे ती ते त्या मातीत खरोखर त्या काळी पोहोचले की विसाव्या शतकात कुणी तिथे टाकले याची. वाद अजून मिटलेला नाही. कोणत्या थरात, कशाच्या बाजूला, हे त्या दिवशी काटेकोर टिपलेले असते आणि फोटो असता, तर एवढे कागद खर्ची पडले नसते.

आता आपल्याकडे लोक कशाला परदेशी समजतात आणि कशाला नाही, ते बघू. अरबी-फारसी अक्षरे म्हणजे परदेशी, हे पहिले खोटे. महमूद बेगड्याने चांपानेरला, म्हणजे मुहम्मदाबादेला, पाडलेल्या नाण्यांवरही हीच लिपी आहे, आणि सुरतेच्या मोगली रुपयावरही. रुपया जाड, साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. बगदादच्या अब्बासी खलिफांच्या किंवा बुखाऱ्याच्या सामानी अमिरांच्या घडणीचा दिरहम पातळ पत्र्यासारखा, रुंदीला २५ ते २९ मिलिमीटर आणि वजनाला साधारण तीन ग्रॅम. हातात घेतल्याबरोबर फरक कळतो. दुसरी गल्लत मारिया थेरेसा थालरची. २८ ग्रॅमचे हे देखणे नाणे बऱ्याच जुन्या घरांत निघते आणि त्यावर १७८० हे साल असते. राणी गेल्यावरही तेच साल कायम ठेवून ते विसाव्या शतकापर्यंत पाडत राहिले, १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा. त्यामुळे त्यावरच्या सालावरून काहीच ठरत नाही, आणि मध्ययुगाशी तर त्याचा संबंधच नाही.

उलट बाजूने गधैया हे इथेच पाडलेले जुने नाणे पाहा. पाचव्या शतकात इराणचा सासानी राजा पेरोज हूणांकडून हरला आणि खंडणी चांदीत मोजत राहिला. ते द्रम्म (इराणी चांदीची नाणी) हूणांबरोबर हिंदुस्थानात उतरले. माळवा, राजस्थान, गुजरात इथल्या टांकसाळींनी त्यांची नक्कल सुरू केली, मग नकलेची नक्कल. काही शतकांत राजाचा चेहरा रेघा-ठिपक्यांत विरला, मागच्या बाजूचे अग्निकुंड उभ्या-आडव्या काड्या होऊन बसले, आणि मूळचे पातळ रुंद नाणे लहान आणि जाड झाले. लोकांनी त्याचे नाते गर्दभिल्ल राजाशी जोडले. असे नाणे हाती आले की ‘यावर काहीच वाचता येत नाही, खोटे असणार’ म्हणून ते टाकून देऊ नये. त्यावर वाचायला बहुधा काही नसतेच. त्याच्यावरचा चेहरा किती पुसट झाला आहे, यावरूनच त्याचा काळ मांडतात.

सगळ्यात जास्त मुशीत जाते ती लारी, कारण ती नाण्यासारखी दिसतच नाही. चांदीची जाड तार मधोमध दुमडून केसांच्या आकड्यासारखी केलेली, दोन्ही टोकांवर चपटा ठसा, वजन पाच ग्रॅमच्या किंचित आत. इराणातल्या लार शहरावरून हे नाव पडले. आखातातून ती कोकणात आली, आणि पुढे विजापूरच्या आदिलशाहीने दाभोळला स्वतःच्या लाऱ्या पाडल्या. पेटीच्या तळाशी ‘मोडलेल्या दागिन्याची तार’ दिसली, तर मोडीत घालण्याआधी टोके भिंगाखाली बघावीत.

आता प्रत्यक्ष काम. कुदळीला मडके लागले की पहिली गोष्ट, ते उचलू नये. आहे तसे ठेवून बाजूला फूटपट्टी (नसेल तर काडेपेटी) ठेवून वरून आणि चारही बाजूंनी फोटो काढावेत. मोबाइलमधला अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच आकड्यांपर्यंत उतरवून घ्यावा. चार आकड्यांत अकराएक मीटरची ढिलाई राहते, पाच आकड्यांत ती एका मीटरवर येते, जरी फोन स्वतः पाच-दहा मीटर इकडेतिकडे चुकत असला तरी. शेजारच्या भिंतीच्या कोपऱ्यापासून टेपने अंतर घेतलेले सगळ्यात भरवशाचे. जमिनीपासून खोली मोजावी, पण ‘जमीन’ म्हणजे आजची फरशी की जुना पृष्ठभाग, तेही लिहावे. आपल्या शहरात एक घोळ हमखास होतो : माती तिथली नसतेच. प्लॉट उंच करायला ट्रकने भराव आणलेला असतो, आणि नाणे त्या भरावातून आलेले असते. तेव्हा कंत्राटदाराला भराव कुठून भरला ते त्याच दिवशी विचारावे. महिन्याने त्याला आठवणार नाही. जेसीबीच्या बादलीतून नाणी पडली असतील, तर ती माती जिथे ओतली त्या ढिगाला चुन्याची फक्की मारून ठेवावी आणि ढीग बारीक चाळणीने चाळावा. निम्मी नाणी तिथेच असतात.

मडके रिकामे करू नये. नाणी गंजून एकमेकांना चिकटलेली असतात, आणि गंजात कधी पिशवीच्या कापडाची वीण उमटून राहिलेली असते. कुठले नाणे वर, कुठले तळाशी, यावरून पैसा एकदम पुरला की टप्प्याटप्प्याने, हे कळते. जाड सुती कापडाची पट्टी मडक्याभोवती आवळून, खाली पाटी सरकवून ते मातीसकट उचलावे. फुटलेले तुकडेही ठेवावेत, खापराच्या घडणीवरूनही काळ सांगता येतो. नाणी आधीच सुटी झाली असतील, तर प्रत्येकाला वेगळे कागदी पाकीट आणि पाकिटावर पेन्सिलीने क्रमांक. रबरबँड लावू नये. त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. नाण्यांच्या अल्बमची मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाने पीव्हीसीची असतात. ती काही वर्षांत आम्ल सोडतात आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो.

धुणे ही मोठी आपत्ती. धनत्रयोदशीला आणि लक्ष्मीपूजनाला घराघरात जुनी चांदी बाहेर निघते. चिंच, लिंबू, राख, नाहीतर सोडा आणि अॅल्युमिनियमची पट्टी वापरून ती लखलखीत केली जाते. रोजच्या ताम्हणाला ते चालते, मातीतून निघालेल्या नाण्याला नाही. खारट मातीत शेकडो वर्षे राहिलेल्या चांदीवर करडा-जांभळट, मेणासारखा थर बसतो. तो चांदीचे क्लोराइड. पुष्कळदा खालचा धातू इतका खाल्लेला असतो की अक्षरांची उठावदार रेघ फक्त त्या थरातच शिल्लक असते. थर गेला, की राजा गेला, साल गेले. शिवाय हिणकस चांदीतले तांबे जमिनीत असतानाच कणाकणांच्या सीमांवरून झिरपून गेलेले असते, आणि नाणे बिस्किटासारखे ठिसूळ होते. ब्रशचा जोर किंवा दोन बोटांची चिमटी त्याला पुरते. सुकलेली माती मऊ कोरड्या कुंचल्याने जेवढी आपसूक सुटेल तेवढी सोडवावी, पुढचे संग्रहालयाच्या प्रयोगशाळेवर ठेवावे. पूजेत ठेवायचेच असेल, तर कागदी पाकिटासकट ठेवा. लक्ष्मी रागावणार नाही.

कस काढायचा म्हणून काठ कानशीने घासणे किंवा तेजाबाचा थेंब टाकणे हेही नको. पाण्यातले वजन घेण्याची पद्धत बिनधोक आहे, पण तिची मर्यादा कळली पाहिजे. समजा नाणे हवेत २.९० ग्रॅम भरले, आणि दोऱ्याने पाण्यात सोडल्यावर वजनातली घट ०.२८ ग्रॅम. भागाकार १०.३६. शुद्ध चांदीची घनता १०.४९, नव्वद टक्के चांदी आणि दहा टक्के तांबे यांची १०.३१. म्हणजे उत्तम चांदी, असे वाटते. पण काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच वाचत असेल, तर घट ०.२७ ही असू शकते आणि ०.२९ ही. उत्तर १०.७४ पासून १०.०० पर्यंत कुठेही. १०.०० म्हणजे साधारण सत्तर टक्के चांदी. एवढ्या फरकात अस्सल दिरहम आणि हलकी नक्कल दोन्ही मावतात. अशा लहान नाण्याला ०.००१ ग्रॅमचा काटाच हवा, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब हवा, नाहीतर बुडबुडे चिकटून घनता कमी दाखवतात. चोकसीकडच्या (म्हणजे कस पाहणाऱ्याकडच्या) क्ष-किरण यंत्राचा आकडाही जसाच्या तसा घेऊ नये. ते फक्त पृष्ठभाग वाचते, आणि पुरलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावरून तांबे आधीच निघून गेलेले असल्याने चांदी आहे त्याहून जास्त दिसते.

वाचनाबद्दल एवढेच सांगतो की कूफी लिपीत, म्हणजे जुन्या कोनदार अरबी वळणात, नुक्ते (अक्षरांवरचे-खालचे ठिपके) नसतात, आणि दिरहमावर साल अंकांत नव्हे तर शब्दांत, कडेने गोल फिरवून लिहिलेले असते. आधी एकक, मग दशक, मग शतक. नुक्ते नसल्याने ‘सबअ’ (सात) आणि ‘तिसअ’ (नऊ) हे शब्द हुबेहूब सारखे दिसतात. दोन्हींत चार दात आणि मग ‘ऐन’. सत्तर आणि नव्वदची तीच गत. तेव्हा सामानी दिरहमावर हिजरी २७९ की २९९, हे दातांवरून नव्हे, नावांवरून ठरवायचे. खलिफा अल-मुक्तदिर आणि अमीर अहमद बिन इस्माईल असेल, तर २९९ च. इसवी सन काढायला हिजरी साल ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. २९९ चे ९१२ येतात, प्रत्यक्षात ते वर्ष ९११-१२ मध्ये पडते. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवून टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरावा, म्हणजे झिजलेल्या अक्षरांचीही सावली पडते. दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा दिसला, तर ती एका साच्यात ओतलेली नक्कल आहे हे ओळखावे. ठशाने पाडलेल्या दोन नाण्यांचा ठसा एक असू शकतो, वापरातले ओरखडे एक असू शकत नाहीत.

कायद्याला लोक भितात आणि म्हणून गप्प बसतात. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू मिळाली, की काय मिळाले, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे कलेक्टरला लेखी कळवायचे. वस्तू सरकारी तिजोरीत ठेवायची किंवा तारण द्यायचे. मग जाहीर नोटीस निघते आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांच्या आतली तारीख मिळते. कुणाचाच हक्क शाबीत झाला नाही आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे, एक चतुर्थांश मालकाचे. लपवले तर हिस्सा जप्त होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सरकारला निधी ठेवून घ्यायचा असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतो. इथे मात्र कायदा कंजूष आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तीन ग्रॅमच्या दिरहमाला तीन ग्रॅम चांदीचा भाव आणि वर वीस टक्के, या हिशेबाने कोण खुशीने कलेक्टर कचेरीची पायरी चढेल? दीडशे वर्षांपूर्वीचे हे मोजमाप बदलायला हवे. तोवर निदान एवढे माहीत असावे की शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याच्या विक्रीचा धंदा विनापरवाना करता येत नाही. नुसते वाचून घ्यायचे असेल, तर सयाजीबागेतले संग्रहालय आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग आपल्या शहरातच आहेत.

शेवटी आपल्या वार्ताहरांना एक विनंती. बातमीत नाण्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो पट्टीसह द्यावा, ग्रॅममध्ये वजन द्यावे, मडके कुठल्या थरात होते ते द्यावे. पण सर्व्हे नंबर आणि नेमकी जागा छापू नये, ती फक्त कलेक्टर आणि संग्रहालयाकडे जावी. छापली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे कुदळी घेऊन माणसे तिथे हजर असतात, आणि पुढचे मडके कुणीच मोजत नाही.

आपला,
एक नाणे-अभ्यासक,
दांडिया बाजार, बडोदे